अ‍ॅडजस्टेबल बेड घेतला की घोरणं थांबतं का?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलच्या गर्दीत हेडफोन लावूनही ज्यांना काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खास. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत. सगळे नाही.

ती रील तुम्हीही बघितली असेल. नवरा घोरतोय, बायको वैतागून रिमोटचं बटण दाबते, बेडची डोक्याकडची बाजू हळूच वर येते, आवाज बंद, दोघं शांत झोपतात. खाली ईएमआयचा आकडा. ही रील माझ्या चुलतभावाने बघितली आणि त्याने ठरवलं की पहिल्या बोनसमधून काकांना हा बेड घ्यायचा. काका चोपन्न वर्षांचे, वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला नोकरी, राहायला कोपरखैरण्यात वन बीएचके. आवाज असा की पाहुणे एकदाच मुक्कामाला येतात. मग प्रश्न आला माझ्याकडे, कारण घरातला इंजिनिअर मी. (माझं बीटेक कॉम्प्युटरमधलं आहे, तरी मिक्सर बिघडला की फोन मलाच येतो.) तर दोन आठवडे वाचलं, डॉक्टरांशी बोललो, आणि जे हाती लागलं ते इथे सांगतोय.

आधी हे समजून घेऊ की आवाज येतो कुठून. नाकाचा मार्ग हाडांच्या चौकटीत असतो. खाली श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, व्हॅक्युम क्लीनरच्या पाइपला असतात तशा, त्यामुळे ती चपटी होत नाही. मधला जो घशाचा तुकडा आहे, मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेच्या मागची जागा, त्याला मात्र आतून असा कुठलाच आधार नाही. तो उघडा ठेवायचं काम स्नायू करतात. जागेपणी ते ताठ असतात, झोपेत सैलावतात. त्यात आपण पाठीवर झोपलो की जीभ आणि टाळू मागे पडतात आणि वाट अरुंद होते. तेवढीच हवा कमी जागेतून जायची म्हणजे वेग वाढणार, आणि वेगवान हवेत सैल गोष्ट फडफडणार. एसटीच्या उघड्या खिडकीतला पडदा आठवा. गाडी स्टँडवर उभी असते तेव्हा गप्प, हायवेला लागली की फडफड. घोरणं म्हणजे ही फडफड.

यात गुरुत्वाकर्षणाचा हात किती? हे तपासायचं तर गुरुत्वाकर्षण बंद करून बघायला हवं, आणि हे खरोखर झालंय. १९९८ साली स्पेस शटलच्या दोन मोहिमांमध्ये पाच अंतराळवीरांची झोप मोजली, पृथ्वीवर आणि वर कक्षेत. पृथ्वीवर झोपेचा साधारण साडेसोळा टक्के वेळ ते घोरत होते. वर गेल्यावर एक टक्क्याहूनही कमी. माणसं पाचच, पण फरक एवढा मोठा की दुर्लक्ष करता येत नाही. हा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. गंमत म्हणजे बेडच्या रिमोटवर ‘झिरो ग्रॅव्हिटी’ नावाचं बटण असतं. डोकं थोडं वर, गुडघे थोडे वर. ही कल्पना नासाच्या स्कायलॅबवर, म्हणजे १९७३-७४ मध्ये, अंतराळवीरांचं शरीर आपोआप ज्या सैल स्थितीत यायचं त्यावरून आली. स्थिती खरी आहे. पण तुमच्या बेडरूममधलं गुरुत्वाकर्षण त्या बटणाने एक ग्रॅमसुद्धा कमी होत नाही हो.

मग बेडची पाठ वर केल्याने नेमकं काय होतं? मला वाटलं होतं साधं गणित असेल: तिरपं झोपलं की जिभेला मागे ओढणारं बल कमी. कॅल्क्युलेटर काढला. बारा अंशांच्या उतारावर मागे ओढणारं बल उरतं ९८ टक्के. म्हणजे फक्त दोन टक्क्यांची घट! यातून घोरणं कसं कमी होणार? पण त्याच बारा अंशांवर पायांच्या दिशेने ओढणारं बल शून्यावरून २१ टक्क्यांवर जातं, आणि खरी मेख इथे असावी. पोटातले अवयव खाली सरकतात, छातीवरचा दाब हलका होतो, फुप्फुसांना पसरायला जागा मिळते, आणि ती पसरली की श्वासनलिका खाली ताणली जाते. नलिका ताणली की वरचा सैल भागही जरा ताठ होतो. सैल पायजम्याचा पाय खालून ओढला की चुण्या जातात ना, तसं. दुसरं कारण पाण्याचं. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाच्या पायांत द्रव साठतो. रात्री सपाट झोपलं की त्यातला काही मानेकडे येतो आणि घशाभोवतीची जागा आणखी आवळतो. डोक्याकडची बाजू वर असेल तर तो तितकासा वर येत नाही. काका दिवसभर मार्केटमध्ये उभे असतात, संध्याकाळी मोज्यांचे वळ पायावर उठलेले असतात. हे वाचताना मला तेच वळ आठवत होते.

आता आकडे. ब्राझीलमध्ये २०१७ साली एक अभ्यास छापून आला. झोपेत श्वास अडण्याचा त्रास असलेल्या ५२ जणांचे बेड डोक्याकडून साडेसात अंश वर केले. श्वास अडण्याचं प्रमाण तासाला साधारण १६ वेळा होतं, ते ११ वर आलं. जवळजवळ एक तृतीयांश घट, आणि झोपेचा बट्ट्याबोळ न होता. दुसरा २०२२ सालचा, अमेरिकेतला, लोकांच्या घरीच अ‍ॅडजस्टेबल बेड बारा अंशांवर ठेवून केलेला. त्यात घोरण्याचा वेळ कमी झाला साधारण सात टक्क्यांनी. सात! म्हणजे शंभर मिनिटं घोरणारा माणूस त्र्याण्णव मिनिटं घोरेल. जाग येणंही थोडं कमी झालं आणि गाढ झोप थोडी वाढली, हे चांगलंच आहे. पण रीलमध्ये दाखवतात तसं बटण दाबलं आणि शांतता, असं सरसकट होत नाही. फायदा आहे, मध्यम आहे, आणि माणसागणिक वेगळा आहे. पाठीवर झोपल्यावरच घोरणाऱ्याला जास्त, जाड मानेच्या आणि कुशीवरही घोरणाऱ्याला कमी.

इथपर्यंत वाचून मी भावाला सांगणार होतो की घे, नुकसान तर काही नाही. पण त्याआधी काकूंशी बोललो, आणि सगळी चर्चाच उलटली. मी विचारलं, आवाजाने झोपमोड होत असेल ना? त्या म्हणाल्या, “ह्यांच्या आवाजाची सवय झालीये रे मला. मध्येच आवाज बंद होतो ना, तेव्हा जाग येते.”

हे वाक्य परत वाचा.

घोरताना वाट अरुंद असते, पण हवा जात असते, म्हणून तर आवाज येतो. वाट पूर्ण मिटली की हवा बंद, आणि आवाजही बंद. छाती वरखाली होते, पण आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो, मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, माणूस मोठ्याने हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो आणि परत घोरायला लागतो. स्वतःला यातलं सकाळी काहीच आठवत नाही. असा अडथळा दहा सेकंद किंवा जास्त टिकला की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, आणि या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. श्वास पूर्ण बंद होणं आणि निम्माशिम्मा अडणं, दोन्ही धरून तासाला किती वेळा झालं ते मोजतात. त्या आकड्याला एएचआय म्हणतात. पाचच्या आत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र.

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने त्या ‘अँटी-स्नोअर’ बेडकडे बघा. काही महागड्या मॉडेलमध्ये सेन्सर असतो. घोरण्याचा आवाज किंवा कंप टिपला की बेड आपोआप काही अंश वर जातो. म्हणजे सिस्टीम आवाज मोजतेय. धोका आहे शांततेत. हे म्हणजे सर्व्हरवर एरर आली की अलर्ट पाठवणारं मॉनिटरिंग, पण सर्व्हरच बंद पडला तर लॉगमध्ये काहीच नाही आणि डॅशबोर्ड हिरवागार. घरात आवाज कमी झाला, बायकोला झोप लागली, सगळे खूश, आणि आतला आजार तसाच. उलट इतके दिवस रात्री लक्ष ठेवणारा एकमेव माणूसही आता गाढ झोपलेला. बेड घेण्यातली मोठी जोखीम मला पैशाची वाटत नाही, ही वाटते.

आणि हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास केला होता, २००४ मध्ये तो छापून आला. हे लोक झोपेची तक्रार घेऊन आलेले नव्हते, नेहमीच्या हेल्थ चेकअपला आलेले होते. अंदाज निघाला की १९.५ टक्के लोकांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे, म्हणजे दर पाचातला एक. त्रास अधिक दिवसा अनावर झोप, असं दोन्ही असलेले ७.५ टक्के. वीस वर्षांपूर्वीची मुंबई ही. तुमच्या ऑफिसच्या कॅबमध्ये मोजा जरा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, वय ६९. त्यांना इतरही आजार होते, पण मृत्यूचं कारण डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया असं सांगितलं, तेव्हा हे नाव मराठी बातम्यांमध्येही फिरलं. नंतर आपण सगळे विसरलो. उपचार न घेतलेल्या अ‍ॅप्नियाचा संबंध वाढलेल्या बीपीशी आहे, हृदयाच्या आजारांशी आहे, आणि गाडी चालवताना लागणाऱ्या डुलकीशी आहे. काका एकदा सिग्नलला स्कूटरवर झोपले होते. घरात तो किस्सा विनोद म्हणून सांगितला जायचा.

म्हणून खरेदीच्या आधी तपासणी. डॉक्टर आठ प्रश्नांची एक यादी वापरतात, स्टॉप-बँग नावाची, टोरंटोतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये तयार केलेली. बंद दाराआड ऐकू जाईल असं घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय का? बीपी आहे का? बीएमआय ३५ च्या वर? वय ५० च्या वर? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त? पुरुष आहात? तीन ‘हो’ आले की डॉक्टरांना दाखवायचं, पाच किंवा जास्त आले तर चालढकल नाही. काकांचे सहा आले. मानेचा घेर काकूंनी ब्लाउजच्या टेपने मोजला.

दुसरं, व्हिडिओ काढा. झोपलेल्या माणसाची छाती आणि तोंड दिसेल असा फोन ठेवून अर्धा तास. चुलतभावाने काढला. त्यात आवाज थांबल्यापासून परत येईपर्यंत मी मोबाईलवर सेकंद मोजले, बावीस. छाती हलत होती, आवाज नव्हता. बावीस सेकंद वाचताना कमी वाटतात. तेवढा वेळ स्वतः श्वास रोखून बघा, आणि मग तेच रात्रभर. डॉक्टरांनी व्हिडिओ बघून घरीच करायची स्लीप स्टडी लिहून दिली: बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, नाकाखाली नळी, छातीला पट्टा, रात्रभर झोपायचं, सकाळी यंत्र परत. एएचआय आला २७. ऑक्सिजन एका क्षणी ७८ वर गेला होता. कोविडच्या काळात हा आकडा ऑक्सिमीटरवर दिसला असता तर आपण बेड शोधत पळालो असतो. हॉस्पिटलचा बेड.

अशा आकड्यावर उपाय म्हणून सीपॅप देतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तिथून हे यंत्र आलं. कल्पना अगदी साधी. नाकावर मास्क, त्यातून हलक्या दाबाने हवा, तो दाब घशाला आतून उघडा ठेवतो, फुगा आतून फुगवून धरल्यासारखा. पहिले काही दिवस सगळे वैतागतात. काकांनीही तिसऱ्या रात्री मास्क फेकला होता. मास्कचा साइज बदलल्यावर जमलं, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस जमतं. त्याच्यासोबत डॉक्टरांनी डोक्याकडची बाजू वर ठेवायलाही सांगितलं. म्हणजे बेडची कल्पना बाद नाही झाली, तिचा नंबर दुसरा लागला.

तर ज्यांना अ‍ॅप्निया नाही, नुसतं घोरणं आहे, किंवा डॉक्टरांनीच उतार सुचवलाय, त्यांच्यासाठी आता बेडची गोष्ट. रात्री छातीत जळजळ होत असेल तर त्यालाही हा उतार चालतो, तो वरचा फायदा.

पहिली गोष्ट, दोन उशा घेणं म्हणजे उतार नाही. उशांवर फक्त डोकं वर जातं, हनुवटी छातीकडे दुमडते आणि नळी जिथे उघडी हवी तिथेच मुरडते. घोरणं वाढूही शकतं. उतार कमरेपासून सुरू व्हायला हवा.

अख्खा बेड तिरपा करायचा तर गणित असं. गादी ७८ इंच लांब, साडेसात अंश हवेत, तर डोक्याकडचे पाय सुमारे दहा इंच वर घ्यावे लागतील. सहा इंचांचे ठोकळे लावले तर साडेचार अंशच होतात. पूर्वी घरोघरी खाटेखाली विटा असायच्या, पण त्या चारी पायांखाली, सामान ठेवायला. दोनच पायांखाली दहा इंच विटा रचू नका, बेड सरकला तर घोरण्यापेक्षा मोठा आवाज होईल. सुताराकडून खाच पाडलेले ठोकळे करून घ्या आणि चार-सहा इंचांवर समाधान माना. शिवाय नवी मुंबईत निम्म्या घरांत बॉक्स बेड. त्याला पायच नाहीत.

बॉक्स बेडवाल्यांसाठी फोमची पाचर, म्हणजे वेज. ऑनलाइन मिळते, पण माप बघा. २४ इंच लांब आणि १२ इंच उंच असेल तर सव्वीस अंशांहून जास्त होतात. रात्रभर घसरगुंडी. ३० इंच लांब आणि ६ इंच उंच घेतली तर साधारण अकरा अंश. एवढं बहुतेकांना झेपतं. फोमच्या दुकानात माप देऊन कापून घ्या, फोम कडक घ्या. दुकानदार ‘फोर्टी डेन्सिटी’ म्हणतात तो. मऊ फोम दोन महिन्यांत बसतो आणि तुमचे अकरा अंश पाच होतात. काकांची पाचर अशीच कापून आणलेली आहे. वरून नेहमीची पातळ उशी, आणि पार्श्वभाग पाचरीच्या टोकाला टेकलेला.

आणि मोटरचा बेड? चांगली वस्तू आहे, खोटं कशाला बोलू. गुडघे वर घेता येतात म्हणून माणूस घसरत नाही, पाचरीपेक्षा हे सरस. पण ऑर्डरच्या आधी घरात बघा. बॉक्स बेड गेला की त्यातल्या जास्तीच्या गाद्या, रजया आणि गणपतीचं मखर कुठे जाणार? वन बीएचकेमध्ये हा प्रश्न मोटरपेक्षा मोठा आहे. जुनी कॉयरची कडक गादी त्याच्यावर वाकत नाही, म्हणजे गादी नवी. क्वीन साइज एकसंध असेल तर तुमच्याबरोबर बायकोही वर जाणार. दोन बाजू वेगळ्या हलणारा घेतला तर मध्ये फट, आणि नेहमीची डबल चादर बसत नाही. मच्छरदाणी लावत असाल तर पाठ वर केल्यावर ती कुठे अडकते ते शोरूममध्ये कुणी सांगत नाही. महावितरणने रात्री दोन वाजता दगा दिला तर बेड सपाट करायची सोय आहे का, हेही विचारा. काहींना बॅटरी बॅकअप असतो, काहींना नसतो.

एक मधला मार्ग फार लोकांना माहीत नाही. मेडिकल इक्विपमेंट भाड्याने देणाऱ्यांकडे फाउलर बेड आणि सेमी-फाउलर बेड मिळतात, महिन्याच्या भाड्याने. न्यूयॉर्कचे सर्जन जॉर्ज फाउलर यांनी १९०० च्या सुमारास पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्णाला तिरपं बसतं ठेवायची पद्धत लोकप्रिय केली, त्यांच्यावरून हे नाव. दिसायला हॉस्पिटल, हँडल फिरवायचं, पण अंश तेच. घरात ‘आजारपण आलं’ असं वाटतं म्हणून लोक नको म्हणतात, ते समजू शकतो. फक्त पाठीचा भाग हवा असेल तर लोखंडी बॅक रेस्टही भाड्याने मिळतो, मात्र तो सगळ्यात खालच्या खाचेवर लावायचा.

बाकीचे उपाय पटकन. कुशीवर झोपणं फुकट आहे आणि अनेकांना बेडपेक्षा जास्त लागू पडतं. टी-शर्टच्या पाठीवर खिसा शिवून त्यात गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल ठेवायचा, पाठीवर वळलात की टोचतो. झोपण्याआधी दारू नको, ती घशाचे स्नायू आणखी सैल करते. नाक चोंदत असेल तर आधी त्याचं बघा. आणि वजन: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मोठ्या अभ्यासात वजन दहा टक्के उतरलं तर एएचआय सुमारे पाव हिश्शाने उतरेल असं दिसलं. माहितीये, हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

शेवटी, उतार तुम्हाला लागू पडतो का हे घरीच तपासता येतं. स्नोअरलॅबसारखं घोरणं रेकॉर्ड करणारं अ‍ॅप घ्या. पाच रात्री सपाट, पाच रात्री पाचर, फोन रोज त्याच जागी, त्याच अंतरावर. पार्टीची रात्र आणि सर्दीची रात्र हिशेबातून काढून टाका. एका रात्रीवरून निष्कर्ष नको, घोरणं रोजचं वेगळं असतं. दोन्हींची सरासरी काढा. फरक दिसला नाही तर मोटरच्या बेडवरही फारसा दिसायचा नाही, अंश तेच आहेत. दिसला तर बेड घ्यायचा की पाचरीवर भागवायचं हे बॉक्स बेडमधलं सामान बघून ठरवा. आणि रेकॉर्डिंग ऐकताना फक्त आलेख बघू नका. मधली एखादी शांत जागा निवडून प्ले करा, आवाज परत यायला किती सेकंद लागतात ते मोजा.